अविनाश कुठेही पडला नाही

सुलभाचा फोन आला तेव्हा मी गराजमध्ये गवत कापायच्या मशीनशी झटापट करत होतो. रविवारची दुपार, बाहेर पर्थचं कोरडं ऊन, हाताला ग्रीस. कोपराने फोन उचलला. "सुधीर, अवि गेला रे," ती म्हणाली. आता अशा वेळी माणसाने काय बोलावं? निदान गप्प तरी राहावं. मी कॉलेजच्या हॉस्टेलपासूनचा त्याचा मित्र, एका ताटात जेवलेला, आणि माझ्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे : "कुठे पडलं?"

पलीकडून सुलभाने विचारलं, "काय कुठे पडलं?"

"विमान..."

"कसलं विमान? तो जेवून खुर्चीत आडवा झाला होता, सुधीर. चहाला उठवायला गेले तर..."

अविनाशने दोन वर्षांत स्वतः विमान चालवलेलं नव्हतं. त्याच्या बायकोच्या, सुलभाच्या, खालोखाल हे जर कोणाला पक्कं माहीत असेल तर ते मला. शिवाय फोन स्पीकरवर होता आणि शेजारी इरा, त्याची मुलगी, बसलेली होती. मी हे सगळं मंजिरीला सांगितलं तेव्हा माझ्या बायकोने आधी डोळे पुसले, मग कपाळाला हात लावला. "तुला सांत्वनाला न्यायचं म्हणजे तोंडाला पट्टी बांधूनच न्यायला हवं," म्हणाली. अविनाशच्या गावापर्यंतच्या, कालगुर्लीपर्यंतच्या, सहा-सात तासांच्या रस्त्यात आम्ही दोघं फारसं बोललो नाही. मला तर बोलायची बंदीच होती.

पण गंमत पुढे आहे... गंमत कसली म्हणा. त्याच संध्याकाळी पुण्याहून कुंदाताईंचा, अविनाशच्या थोरल्या बहिणीचा, मला फोन आला. "सुधीर, तू तरी खरं सांग. विमानातच झालं ना? सुलभा लपवतेय माझ्यापासून." मग सिडनीच्या एका मित्राने तेच विचारलं. मग मुंबईच्या एका वर्गमित्राने तर विचारलंही नाही, सरळ लिहून टाकलं की आकाशाशी खेळणाऱ्याला शेवटी आकाशानेच बोलावलं. खाली दोन पंख असलेलं चित्र. म्हणजे माझ्या तोंडून जे निसटलं ते सगळ्यांच्या पोटात होतंच. माणूस छोटं विमान चालवायचा ना, मग आणखी कशाने जाणार? दीड महिना होत आला, अजून लोक मला बाजूला घेऊन हळूच विचारतात. म्हणून हे लिहायला बसलोय. एकदाच, मोठ्याने, सगळ्यांसाठी : अविनाश कुठेही पडला नाही. आणि तो धाडसी होता असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी कृपा करून त्याच्याबरोबर एकदा तरी उड्डाण केलं होतं का, ते आधी सांगावं.

मी केलं होतं. मी, ज्याला लिफ्टमध्येसुद्धा दोन मजल्यांमध्ये घाम फुटतो. अविनाश कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर होता. दिवसभर जमिनीखाली काम करायचा. पन्नाशी जवळ आल्यावर त्याने तिथल्या फ्लाइंग क्लबात नाव घातलं. मी विचारलं, हे काय खूळ? तर म्हणाला, "सुध्या, आयुष्यभर खाली गेलो. आता जरा वर जाऊन बघतो." लायसन्स मिळाल्यावर पहिल्या दिवाळीला तो आम्हाला न्यायला पर्थला आला. क्लबचं चार सीटचं विमान, पंख डोक्यावर, पुढे एकच प्रोपेलर. मी आणि मंजिरी नटूनथटून, फराळाचे डबे घेऊन त्या छोट्या विमानतळावर गेलो, तर या माणसाने हँगरच्या दारात चक्क बाथरूममधला वजनकाटा ठेवलेला. "चढ," म्हणाला.

आता कोणाच्याही घरी पाहुणा गेला तर यजमान त्याला काट्यावर उभा करतो का? मी म्हटलं, कशाला, सांगतो की, ऐंशी किलो. त्याने माझ्या पोटाकडे फक्त पाहिलं. मी चढलो. काटा ऐंशीच्या पुढे गेला तो थांबेचना. "हे अकरा किलो कोणाचे?" अविनाशने विचारलं. मंजिरी इतकी हसली की तिला काट्यावर नीट उभं राहता येईना. मग डबे चढले. चकली, शेव, चिवडा, करंज्या, प्रत्येकाचं वेगळं वजन. तो दिवस भट्टीसारखा तापलेला होता आणि गरम हवेत विमानाला उचलायला जास्त धाव लागते, एवढं त्याने मला समजावून सांगितलं. हिशेब केला, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाला, "चकली आणि चिवडा इथेच राहणार."

"अरे दोन डबे! दोन डब्यांनी काय विमान पडतं?"

"दोन डब्यांनी पडत नाही. 'दोन डब्यांनी काय होतंय' असं म्हणणाऱ्याने पडतं."

ती चकली तिथल्या मेकॅनिकांनी खाल्ली. त्यानंतर कित्येक महिने त्यातला एकजण मला बघितलं की विचारायचा, "एनी मोअर ऑफ दोज वायरी थिंग्ज, मेट?"

विमानाभोवती त्याची प्रदक्षिणा बघण्यासारखी असायची. पंखांच्या कडेवरून हात फिरवत, प्रत्येक स्क्रूकडे संशयाने बघत. पंखाखालून थोडं पेट्रोल एका पारदर्शक भांड्यात काढायचा आणि गवळ्याने दुधात पाणी घातलंय का हे बघावं तसा उन्हाकडे धरून बघायचा. आत पेट्रोलचा काटा असतो, तरी वर चढून टाकीत काठी बुडवायचा. मी विचारलं, काटा मग कशाला दिलाय? तर म्हणे, "काटा मला सांगतो. काठी मला दाखवते." ही सवय जमिनीवरही सुटली नाही. आमच्याकडून निघताना गाडीभोवती फिरायचा, टायर दाबून बघायचा, आणि शेजारचा ग्रेग कुंपणावरून विचारायचा की तुझा मित्र गाडी विकत घेतोय का. मुंबईच्या विमानात चाकं टेकल्याबरोबर आपले लोक उठून बॅगा ओढायला लागतात, त्यांना हा आपल्या सीटवरून ओरडायचा, "बसा हो! विमान अजून चालतंय. पुणे कुठे पळून जात नाही." मी आणि मंजिरी खिडकीबाहेर बघायचो. ओळख दाखवायचो नाही.

कुठे अपघात झाला की सगळे अविनाशला फोन करायचे. पायलटची चूक ना? त्याचं उत्तर ठरलेलं : "चौकशीचा अहवाल येऊ दे." लोकांना ते फार बेचव लागायचं. पण तो खरंच तो अहवाल येईपर्यंत, वर्ष लागो की दोन, थांबायचा, आणि मग सकाळच्या चहाबरोबर, लोक राशिभविष्य वाचतात तसा, वाचत बसायचा. सुलभा वैतागायची, म्हणायची सकाळी सकाळी कसलं अभद्र वाचतोस. तो म्हणायचा, "अगं, दुसऱ्यांनी चुका करून ठेवल्यात, त्या वाचल्या की पुरे. आपण कशाला नवीन करायच्या?" निधड्या छातीच्या वैमानिकांच्या गोष्टी त्याला अजिबात आवडत नसत. कोणी सांगायला लागलं की जांभई द्यायचा. चांगल्या पायलटच्या गोष्टी कंटाळवाण्याच असतात, हे त्याचं मत. उडाला, पोचला, चहा प्यायला. यात सांगण्यासारखं काय आहे?

आणि एक दिवस तर तो पोचलाही नाही. कालगुर्लीच्या हॉस्पिटलमधल्या एका मराठी डॉक्टर जोडप्याच्या मुलीचं बारसं होतं. तिथे आपली घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे पाळणा म्हणायला मंजिरीला खास पर्थहून बोलावलेलं. झबलं-टोपडं तिने स्वतः शिवलं होतं. अविनाश कामासाठी पर्थला आला होता, तो म्हणाला चला माझ्याबरोबर. निघालो. खाली गव्हाची पिवळी शेतं, वर निळं आकाश, मी जरा सैलावून बसायला लागलो होतो. आणि अर्ध्या वाटेवर पुढे क्षितिजावर काळ्या ढगांची भिंत दिसायला लागली. लांब होती अजून. अविनाशने तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं, रेडिओवर काहीतरी बोलला आणि विमान वळवलं. ना चर्चा, ना उसासा. एका शेतकरी गावाच्या खडीच्या धावपट्टीवर उतरलो. तिथे एक पत्र्याची शेड, एक पाण्याची टाकी आणि ऑस्ट्रेलियातल्या निम्म्या माश्या.

बारशाची वेळ झाली. मंजिरीने शेडमधल्या बाकावर बसून, एका हाताने माश्या वारत, फोनवरून पाळणा म्हटला. तिकडे बायका दोरी ओढत होत्या. मधेच माशी तोंडात गेली, तेव्हा तिकडच्यांना वाटलं गहिवरून आलं. संध्याकाळी कळलं की ते ढग उत्तरेला सरकून गेले. कालगुर्लीत थेंबसुद्धा पडला नाही. मग काय, लोकांना महिनाभर विषय झाला. गाडीने निघालेले पोचून, जेवून, झोपही काढून उठले, आणि आमचे वैमानिक शेडमध्ये! पुढच्या वेळी घोड्यावरून या! अविनाश सगळ्यांबरोबर हसायचा. शेवटी मलाच राहवेना. म्हटलं, "जाऊ शकलो असतो की रे."

"हो. बहुतेक गेलो असतो."

"मग?"

"त्या 'बहुतेक'मध्ये मागच्या सीटवर मंजिरी बसली होती," तो म्हणाला आणि पुढची पुरी घेतली.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी स्वयंपाकघरात पाण्याचं भांडं भरताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधार आला. क्षणभरच. भांडं पडलं, तो ओट्याला धरून उभा राहिला. पाहिलं फक्त सुलभाने. कोणी म्हणालं ऊन बाधलं असेल, कोणी म्हणालं पाणी कमी पडलं. कुंदाताई फोनवर म्हणाल्या की कशाला बोभाटा करतोस, उगाच लायसन्स घालवून बसशील. आणि खरं होतं ते. कोणाला कळणार होतं? पण हा पठ्ठ्या वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडे स्वतः गेला आणि सगळं सांगून आला. तपासण्या झाल्या, हृदयाचं दुखणं निघालं, उडण्याची परवानगी गेली. ती परत येणार नव्हती, हे त्याला आधीच ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्याला इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं... पण आमच्याकडे जेवायला आला असताना कोणीतरी हळहळून म्हणालं, "अरेरे, शेवटी उतरवलंच का तुला?" तेव्हा त्याने घास खाली ठेवला. "मला कोणी उतरवलं नाही," तो म्हणाला. "मी उतरलो."

हे वाक्य ज्यांनी ऐकलं त्यांनी ते जपून ठेवावं. दोन पंखांच्या चित्रापेक्षा ते जास्त खरं आहे.

तोपर्यंत इरा पर्थला युनिव्हर्सिटीत आली होती आणि उडायला शिकत होती. तिला लायसन्स मिळालं तेव्हा तिने पहिला प्रवासी म्हणून बापाला नेलं. परत आल्यावर मी विचारलं, कशी चालवते? "मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो," म्हणाला, "चुकून काही धरलं तर पोरगी मला खिडकीतून बाहेर टाकेल." चेहरा मात्र असा होता की जणू त्याचीच परवानगी परत आलीय.

तर आता खरा प्रश्न. अविनाश गेल्यावर कुंदाताई पुण्याहून आल्या. सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. विमानात गेला नाही हे त्यांनी अखेर मानलं, पण निकाल बदलला नाही. "त्या खेळण्यापायी झुरून गेला माझा भाऊ. एक गेला. आता पोरीचं तरी थांबव, सुलभा." रोज सकाळ-संध्याकाळ हेच. सुलभा मुळातच विमानाला भ्यायची. नवरा नाही, एकुलती एक मुलगी. तिने इराला सांगितलं, थोडे दिवस थांब. इरा म्हणाली, "हाऊ लाँग इज थोडे दिवस, आई?" घरात दोघींचं बोलणं बंद झालं. आणि या भीतीच्या विटांमध्ये एक वीट माझी होती, 'कुठे पडलं?' नावाची. ती सुलभाने स्पीकरवर ऐकली होती.

शेवटी सुलभानेच तोडगा काढला. कुंदाताईंना पर्थहून पुण्याला निघायचं होतं, त्याच्या आदल्या रविवारी ती इराबरोबर एकदा विमानात बसणार. मग ठरवणार. पटलं तर मुलगी उडेल, नाहीतर बंद. एकच संधी.

आम्ही सगळे त्या छोट्या विमानतळावर गेलो. लख्ख ऊन, ढगाचा ठिपका नाही. कुंदाताईंनी "जाणारच असाल तर" म्हणून भारतीय दुकानातून नारळ आणला होता. त्या तो विमानापुढे फोडायला सरसावल्या, तर इराने हात धरला. "आत्या, नको इथे. तुकडे प्रोपेलरमध्ये जातात."

"देवाचा नारळ आहे गं!"

"प्रोपेलरला कळत नाही ना, आत्या."

मग तिने बापासारखीच प्रदक्षिणा घातली, काठी बुडवली, भांडं उन्हाकडे धरलं. आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळकांड्याकडे बघत उभी राहिली. ते धावपट्टीला आडवं फडफडत होतं. तिने फोनवर वाऱ्याचे आकडे पाहिले, थोडी थांबली, परत पाहिले. "आज नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" सुलभा.

"वारा आडवा आहे, माझ्या लिमिटच्या वर. सॉरी, आई."

तेवढ्यात एक पांढऱ्या मिश्यांचा माणूस आमच्यासमोरून तसलंच विमान घेऊन गेला आणि आरामात उडाला. कुंदाताईंनी बोट दाखवलं. "तो गेला की! ऊन तर केवढं पडलंय. तुला भीती वाटते असं सांग ना सरळ."

"त्याचं लिमिट त्याचं, आत्या. माझं माझं."

"आणि ते कोणी ठरवलं?"

"मीच. सकाळी, घरी, डोकं थंड होतं तेव्हा. बाबा म्हणायचे, ठरवायचं ते घरी. इथे आल्यावर फक्त पाळायचं."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "इरा, इथल्या इथे एक छोटीशी चक्कर? आत्या परवा चालल्यात, बेटा. आजच ठरायचंय सगळं."

"आय नो, काका." तिचे डोळे भरून आले होते. सगळं हातचं जातंय हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. "तरी नाही."

आणि विमान वाऱ्याने हलू नये म्हणून तिने त्याच्या कड्यांना जमिनीतले दोर बांधायला घेतले. वाकून, एकेक गाठ ओढून बघत. सुलभा तिच्याकडे बघत उभी होती. बराच वेळ. मग ती कुंदाताईंकडे वळली. आवाज जराही वर गेला नाही. "ताई, मी हिच्याबरोबर जाणार. आज नाही. ती म्हणेल त्या दिवशी."

"अगं, पण तू तर म्हणाली होतीस, बसून बघणार आणि मग..."

"बघायचं होतं ते बघितलं मी."

कुंदाताई मुख्याध्यापिका होत्या, त्यांना शेवटचं वाक्य दुसऱ्याला द्यायची सवय नाही. त्या पुटपुटल्या, पदर खोचला, आणि कार पार्कात जाऊन एका दगडावर तो नारळ असा आपटला की लांबवर कोणाचा तरी कुत्रा भुंकायला लागला. "घ्या," म्हणाल्या. "प्रोपेलरपासून लांब फोडलाय." पहिला तुकडा त्यांनी इराच्या हातात दिला.

अविनाशसारखी माणसं बातमीत येत नाहीत. जी विमानं उडाली नाहीत, जी अर्ध्या वाटेवरून परत फिरली, त्यांच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. मी लिहिल्यात. ज्यांना अजून तो आकाशाने नेलेला वगैरे वाटतो, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. पण मला पुन्हा हळूच बाजूला घेऊन विचारू नये. मी आता मोठ्याने उत्तर देतो.

आता एवढं तेज दाखवल्यावर खरं सांगायला हरकत नाही. परत येताना गाडीत, खोबरं चावत, मी कुरकुरलोच. एवढ्या लांब गेलो, उन्हात उभे राहिलो, ना कोणी उडालं ना काही. म्हटलं, "सकाळ फुकट गेली."

मंजिरी बाहेर बघत होती. म्हणाली, "अशा सकाळी फुकट घालवत घालवतच ती पोरगी म्हातारी होणार आहे. होऊ दे."